‘पार्टिशन’ या शब्दाचे अर्थ आणि वैजापूरची सीमा

इंग्रजी कागदपत्रांतील ‘पार्टिशन’ या शब्दास मराठीत सर्वत्र एकच प्रतिशब्द योजण्याची प्रवृत्ती अभ्यासकांत आढळते. वस्तुतः वाटणी, फाळणी आणि विभाजन या तीन शब्दांमागे तीन भिन्न व्यवहार उभे आहेत. वैजापूरसारख्या सीमावर्ती तालुक्याचा इतिहास अभ्यासताना हा भेद दृष्टीआड केल्यास घटनांचाच विपर्यास होतो.

यांपैकी वाटणी ही सर्वांत जुनी. तिचे शास्त्र मराठी मुलखास मिताक्षरेने दिले. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराच्या मते विभागाने स्वत्व नव्याने उत्पन्न होत नाही. जन्मतःच सिद्ध असलेल्या अनेकांच्या स्वत्वाची विभागाने केवळ निश्चिती होते. पुढे न्यायालयांनीही दोन पायऱ्या मानल्या: प्रथम कुटुंब विभक्त होते, आणि मग जमिनीची सरस-निरस मानाने वाटणी होते. पहिली घडूनही दुसरी कित्येक वर्षे रखडू शकते.

फाळणी हा मुळात हिशेबाचा व मोजणीचा शब्द. ठरलेली रक्कम हिश्शांवर पाडणे ही फाळणी. भूमापन दप्तरात पोटहिश्शांच्या मोजणीशी निगडित असलेला ‘फाळणी बारा’ आजही परिचित आहे. १९४७ साली याच शब्दाने देशाच्या विच्छेदाचा अर्थ धारण केला आणि जुना अर्थ सामान्य व्यवहारातून मागे पडला. त्याच वर्षी मुंबई प्रांताने जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, हा योगायोग लक्षणीय आहे.

तिसरा अर्थ वैजापुराशी साक्षात निगडित आहे. तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी, पलीकडे नगर जिल्हा. पश्चिमेस नाशिक जिल्ह्यातील येवले. भाषा, देवदेवता व सोयरीक यांत दोन्ही तीरांवर भेद नव्हता. तथापि सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईपर्यंत ही निजामी राज्याची सरहद्द होती. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार. सात हालींस सुमारे सहा कलदार असा भाव. मालावर करोडगिरीची जकात होती आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. एका समाजात पडलेल्या या भेदास लोकांनी कधी ‘फाळणी’ म्हटले नाही. त्यांच्या दृष्टीने ती ‘हद्द’ होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. विज्ञानेश्वराची कल्याणी बीदर जिल्ह्यासह म्हैसूर राज्यात गेली. हैदराबादेच्या दृष्टीने हा राज्याचा अंत होता. वैजापूरच्या दृष्टीने तो संयोग होता. इंग्रजीत दोहोंस एकच शब्द पुरतो. मराठी लेखनात मात्र येथे ‘फाळणी’ योजल्यास संयोगाचा अर्थ लोपतो व १९४७ ची वेदना अस्थानी येते.

परंतु या संयोगातही वाटणीची दुसरी पायरी मागेच राहिली. गोदावरीच्या दक्षिण तीरावर १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा, तर उत्तर तीरावर १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा, ही स्थिती १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावरही टिकली. नकाशावरून पुसलेली हद्द कुळाच्या हक्कात शिल्लक राहिली. पाण्याचेही तेच. नाशिक-नगरची वरची धरणे आणि खालचा मराठवाडा यांच्या वादात २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व पुढे आले. या मागणीमागील भूमिका मिताक्षरेच्या विचाराशी जुळणारी आहे: हक्क आधीपासूनचा आहे, केवळ हिस्सा ठरावयाचा आहे.

यास्तव मूळ साधनांत ‘पार्टिशन’ आढळताच तीन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते: दुभंगले ते पूर्वी एकत्र होते काय, विभागणाऱ्यांचा त्यावर समान हक्क होता काय, आणि विभक्त झाल्यावर हिस्से प्रत्यक्ष पदरात पडले काय? या उत्तरांवरच मराठी शब्दाची निवड अवलंबून राहील.