पैसा तोच, निर्णय कोणाचा?

अंघोळीपासून जेवणापर्यंत ज्यांना दुसऱ्याची मदत लागते, त्यांनी आपला मदतनीस स्वतः निवडावा, त्याच्या कामाच्या वेळा ठरवाव्यात आणि सरकारी निधीतून त्याला पगार द्यावा, ही पद्धत आज ब्रिटनच्या कायद्यात पक्की झाली आहे. कल्याणकारी राज्याच्या उदारपणाचे हे फळ, असे वरवर पाहता वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. संस्थेच्या चार भिंतींत राहणाऱ्या अपंगांनीच ही वाट पाडली, आणि त्यांचा झगडा जास्त पैशासाठी नव्हता. आपल्या नावावर खर्च होणारा पैसा कसा वापरायचा हे आपण ठरवू, एवढीच त्यांची मागणी होती.

हे घडले इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातील ल कोर्ट येथे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक असलेल्या लेनर्ड चेशायर यांनी १९४८ साली तिथे एका मरणासन्न माणसाला आसरा दिला. त्यातून चेशायर होम्स उभी राहिली आणि १९५०च्या दशकातच ती मुंबईत अंधेरीपर्यंत पोहोचली. हेतू निर्मळ होता, पण १९५६ साली तिथे राहायला आलेल्या पॉल हंट यांना आणि त्यांच्या सोबत्यांना व्यवस्थापनाशी कशासाठी भांडावे लागले ते पाहावे: झोपायची वेळ स्वतः ठरवता यावी, मनात आले तर मद्य घेता यावे, बाहेर पडताना कोणाला वर्दी द्यावी लागू नये. शिकल्या-सवरलेल्या प्रौढ माणसांच्या या मागण्या होत्या. शेवटी रहिवाशांनीच संशोधकांना बोलावले. त्यांचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. माणूस समाजाच्या लेखी मरतो आणि नंतर देहाने मरतो, या दोहोंमधला काळ सांभाळणे हे अशा संस्थांचे काम, असे वर्णन त्यात होते; मात्र संस्था मोडण्याऐवजी त्या नीट चालवाव्यात, असाच त्याचा सूर होता. आपला विश्वासघात झाला, असे रहिवाशांना वाटले. त्याच वर्षी हंट यांनी ‘गार्डियन’ या वृत्तपत्रात पत्र लिहून देशभरच्या अपंगांना संघटित होण्याची हाक दिली.

१९७९ साली ल कोर्टमधील काही रहिवाशांनी ‘प्रोजेक्ट ८१’ सुरू केला. संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेल्या १९८१च्या अपंग वर्षापर्यंत बाहेर पडायचे, हे उद्दिष्ट नावातच होते. त्यांचा हिशेब सरळ होता. आमच्या जागेपोटी स्थानिक प्रशासन संस्थेला पैसे भरतेच. तेवढ्यातूनच आम्ही घरी राहू, माणसे नेमू. अडचण कायद्याची होती, कारण १९४८च्या कायद्यानुसार अपंगांच्या हाती रोख रक्कम देता येत नव्हती. मग तोड निघाली: प्रशासनाने पैसे संस्थेला द्यायचे आणि संस्थेने ते रहिवाशाकडे वळवायचे. याच मार्गाने ल कोर्टचे एक रहिवासी जॉन एव्हान्स १९८३ साली बाहेर पडले. ही आडवाट सरळ व्हायला १९९६चा थेट रकमेचा कायदा यावा लागला.

लोक पैसे उडवतील, हा आक्षेप तेव्हाही होता. १९९४ साली झार्ब आणि नॅडॅश या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात थेट रकमेतून घेतलेली मदत नेहमीच्या सेवेपेक्षा सरासरी ३० ते ४० टक्के स्वस्त पडल्याचे आणि लोक तिच्यावर अधिक समाधानी असल्याचे दिसले. सगळ्यांनाच हिशेब जमणार नाही, हेही खरे. पण हिशेबाला मदत घेतली म्हणून अधिकार सुटत नाही. जमाखर्चासाठी मुनीम ठेवणारा दुकानदार दुकानाचा मालकच राहतो. हॅम्पशायरमध्ये अपंगांनीच केंद्र काढून एकमेकांना हे सारे शिकवले. सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा आहे: हाती रक्कम टेकवून सरकार हात झटकेल. हे घडलेही. गंभीर अपंगत्व असलेल्यांसाठी १९८८ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडंट लिव्हिंग फंड’ ३० जून २०१५ रोजी बंद झाला आणि जबाबदारी स्थानिक प्रशासनांवर ढकलली गेली. पण यावरून पद्धत चुकीची ठरत नाही. निवडीचा हक्क द्यायचा तर पुरेशा पैशाची हमीही कायद्यातच हवी, हा यातला धडा आहे.

आपल्याकडे कुटुंब असताना हे कशाला, असे म्हटले जाते. पण कुटुंब म्हणजे व्यवहारात आई, बहीण किंवा सून, आणि त्यांचे कष्ट कुठल्याच हिशेबात धरले जात नाहीत. ‘आमच्या माघारी याचं कसं होणार?’ हा आईबापांचा प्रश्नही त्याने सुटत नाही. भारताच्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाजात राहण्यासाठी लागणाऱ्या वैयक्तिक मदतीचा उल्लेख आहे, जास्त मदत लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचीही तरतूद आहे. ल कोर्टच्या रहिवाशांपाशी १९७९ साली एवढाही कायदेशीर आधार नव्हता. आपल्याकडे तो आहे. तेव्हा अशी सेवा आखताना मदतनीस कोण असावा आणि त्याने केव्हा यावे, हे ठरवण्याचा अधिकार ज्याला मदत लागते त्यालाच द्यायला हवा.