खिळे घासणारा मुलगा

पायाखाली बघून चाला, इथे जमिनीवर शिशाचे कण सांडलेले असतात. साल 1849च्या आसपासचं. मुंबईतला अमेरिकन मिशनचा छापखाना. तुम्ही आत आलात तरी कोणी मान वर केली नाही. जो तो आपल्या कामाला जुंपलेला. भट्टीवर शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा रस तापतोय. ओतारी पळीभर रस साच्यात सोडतो, साचा झटक्यात हलवतो, उघडतो, की एक नवा खिळा, म्हणजे छपाईचं सुटं धातूचं अक्षर, टपकन ढिगात पडतो.

ढिगापलीकडे दहाएक वर्षांचा पोरगा बसलाय. हा जावजी दादाजी. त्याचं काम खिळे घासण्याचं. ओतताना खिळ्याच्या अंगाला बारीक धार राहते, ती खरखरीत दगडावर घासून काढायची. काढली नाही तर खिळे जुळवून मजकूर लावणाऱ्या जुळाऱ्याची ओळ डुगडुगते. जास्त निघाली तर खिळा बाद, पुन्हा भट्टीत. बसा त्याच्या शेजारी, एक हातात घ्या. टोकावर अक्षर आहे, पण उलटं. ‘ग’ आहे की ‘म’, हे ओळखायलाच तुम्हाला क्षणभर लागतो. घटकाभरात बोटांची सालं निघतील.

या कामाला शाळा लागत नाही, म्हणूनच ते पोरांना देतात. त्यात हात चालत राहतो आणि मन गावभर हिंडून येतं. पुढे जावजींनी जे उभं केलं ते बघता मला एवढं म्हणावंसं वाटतं, की हा मुलगा नुसता घासत नव्हता. प्रत्येक खिळा तो बघत होता. याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम हे देवनागरी अक्षरं घडवणारे कसबी गृहस्थ आहेत. इंग्रजीची सव्वीस अक्षरं घडवली की बरंचसं भागतं. आपल्याकडे वेलांट्या, उकार, मात्रा, रफार आणि जोडाक्षरं धरली तर खिळ्यांचे शेकडो नमुने लागतात. कुठला रफार तुटतो, कुठल्या वेलांटीचा बाक शेजारच्या अक्षराला अडतो, हे ज्याच्या बोटांखालून रोज जातं त्याला ते सांगावं लागत नाही.

आता 1864. तीच मुंबई, पण ओळखू येणार नाही. अमेरिकेत यादवी पेटली आहे, तिकडचा कापूस थांबलाय, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आलाय. रोज नवी कंपनी, नवी बँक. रस्त्यात कोणालाही गाठा, तो बॅकबे कंपनीच्या शेअरचा भाव सांगेल. पंचविशीतल्या होतकरू माणसाने पैसा कुठे लावावा, असं त्या दिवशी विचारलंत तर सगळी गर्दी एकाच दिशेला बोट दाखवेल.

जावजींनी त्या साली अक्षरं ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला.

पुढच्या वर्षी जुलैत शेअरबाजार कोसळला, बँका बुडाल्या, सावकार धुळीला मिळाले. जावजींना हे आधी कळलं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना जे येत होतं, ज्याचा नाद होता, तेच त्यांनी धरलं. बाजार तेजीत असताना असं धरून राहणं सोपं नसतं, आणि मला त्यांच्या या निर्णयाचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं.

आणखी काही वर्षं पुढे या, आणि आता अगदी जवळ या, पण उजेड अडवू नका. इथे राणोजी रावजी आरू काम करताहेत. जावजींचे मित्र, आणि त्यांच्या कारखान्यातल्या अक्षरांना रूप देणारे हेच हात. हातात बोटभर पोलादी कांडी. तिच्या टोकावर कानशीने आणि कोरणीने अक्षर उमटवायचं, तेही उलटं, तांदळाच्या दाण्याएवढं. भिंगातून बघा. ‘क्ष’ची गाठ सुटते आहे. एक केसभर पोलाद निघालं, हात थांबला. कांडीचं टोक दिव्याच्या ज्योतीवर धरलं, काजळी धरली, कागदावर दाबलं. काळं, कोवळं ‘क्ष’ उमटलं. गाठीत शाई भरेल का? आडवी रेघ शेजारच्या अक्षराच्या रेघेला नीट मिळेल का? पुन्हा कोरणी, पुन्हा काजळी. मनाजोगं उतरलं की पोलाद तापवून पाणी द्यायचं आणि तो कडक ठसा तांब्यावर ठोकायचा. त्या तांब्याच्या खोबणीतून मग हजारो ‘क्ष’ ओतले जातील. इथे केसाची चूक राहिली तर तीही हजारो वेळा ओतली जाईल. घाई करावी असं तुम्हाला आता वाटणार नाही.

1869 साली स्वतःचा छापखाना निघतो: निर्णयसागर. त्याचं पंचांग घरोघर जातं. पंचांगातले ते चिकटून बसलेले आकडे आणि अक्षरं बघा. खिळे मापात नसतील तर असं पान उभंच राहत नाही. लहानपणी दगडावर घासलेल्या त्या चार सपाट बाजूंचं मोल इथे कळतं.

1886ला शेवटचा मुक्काम. ‘काव्यमाला’ सुरू झाली आहे. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब हस्तलिखितांतली संस्कृत काव्यं एकेक करून छापायला देताहेत. जुळाऱ्यासमोर ‘कार्त्स्न्य’ हा शब्द येतो. र, त, स, न, य, पाच व्यंजनं एकमेकांच्या गळ्यात. तुम्ही श्वास रोखता. तो खान्यात हात घालतो, हवं ते काढतो, लावतो, पुढच्या शब्दाकडे वळतो. अर्ध्या अक्षरांचे सांधे कागदावर दिसतसुद्धा नाहीत.

या छापखान्याच्या पोथ्या आणि ग्रंथ संस्कृत शिकणाऱ्यांनी पुढे पिढ्यानपिढ्या प्रमाण मानले. 1892 साली जावजी गेले. मुलाने, तुकाराम जावजींनी, काम चालवलं; पुढच्या कितीतरी ग्रंथांवर प्रकाशक म्हणून त्यांचं नाव आहे. तोवर निर्णयसागरचे खिळे दुसरे छापखानेही विकत घेत होते, आणि ते लावून, छापून, पुन्हा खान्यात टाकून कितीतरी जुळाऱ्यांच्या घरी चूल पेटत होती.