रुळांनी सोडलेली वाट

‘मोटारमुक्त’ हा शब्द मोटार आल्यानंतरच सुचू शकतो. ही गोष्ट उघड आहे. पण तिच्यातून निघणारा अर्थ सहसा ध्यानात घेतला जात नाही. पुढे आर्सेन ल्युपँ हा सभ्य चोर निर्माण करणाऱ्या मोरिस लब्लाँने १८९८ साली ‘हे पाहा पंख’ अशा अर्थाच्या शीर्षकाची एक छोटी कादंबरी प्रसिद्ध केली. त्या कादंबरीत दोन जोडपी सायकलवरून नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या प्रवासाला निघतात. वाटेत अंगावरची बंधने सैल होत जातात, आणि प्रवास संपेतो जोडपीही बदललेली असतात. त्याच वर्षी आलेल्या एमिल झोलाच्या ‘पारी’ कादंबरीतही मारी आणि पिएर यांची सायकलस्वारी आहे. स्त्रीने स्वतःचा तोल स्वतः सावरावा, स्वतःचा निर्णय स्वतः घ्यावा, याचे शिक्षण मारीला सायकल देते. या दोन्ही कादंबऱ्यांतील रस्ता निर्वेध आहे. त्याला ‘मोटारमुक्त’ म्हणण्याचे लेखकांना कारणच नव्हते. जे सगळीकडे असते त्याला नाव लागत नाही. नाव लागते ते हरवल्यावर.

आज फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकलींसाठी राखलेल्या, मोटारींना मज्जाव असलेल्या वाटांचे मोठे जाळे आहे. त्यांना तेथे ‘व्हुआ व्हेर्त’, म्हणजे ‘हिरवी वाट’, असे म्हणतात. पर्यटनाच्या पुस्तिकांतून त्या निसर्गाची देणगी असल्यासारख्या वर्णिल्या जातात. या वाटांकडे इतिहास म्हणून पाहिले तर काय दिसते, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की यांतील बहुतेक वाटा निसर्गाने दिलेल्या नाहीत. त्या सत्तेने आखल्या, श्रमिकांनी खोदल्या आणि पुढे वेगाने टाकून दिल्या. त्यांवरील शांतता ही मुळातली नव्हे, ती मागाहून आलेली आहे.

कालव्यांपासून आरंभ करू. तुलूजपासून भूमध्य समुद्रालगतच्या खाजणापर्यंत सुमारे २४० किलोमीटर जाणारा मिदीचा कालवा चौदाव्या लुईच्या राजवटीत, १६६६ च्या राजाज्ञेने, सुरू झाला. त्याचा कर्ता पिएर-पॉल रिके १६८० साली वारला आणि कालवा खुला झाला १६८१ मध्ये. ब्रिटनीतील नांत ते ब्रेस्त हा सुमारे ३६० किलोमीटरचा कालवा नेपोलियनच्या काळात, १८११ साली, हाती घेण्यात आला. इंग्रजी आरमाराने समुद्र अडवला असताना ब्रेस्तच्या नौदलतळाला आतल्या बाजूने रसद पोचावी, हा त्यामागील हिशेब होता. कालवा पुरा होईतो १८४२ उजाडले. तोवर नेपोलियनही नव्हता आणि ती नाकेबंदीही नव्हती. ग्लोमेल येथे डोंगर कापून जो खोल चर काढला आहे, तो १८२३ ते १८३२ या काळात ब्रेस्तच्या तुरुंगातून आणलेल्या कैद्यांनी खोदला. आज त्या काठाने जाणाऱ्या सायकलस्वाराला दोन्ही बाजूंना झाडी आणि मध्ये संथ पाणी दिसते. बेडीतले हात दिसत नाहीत.

कालव्याच्या काठाने वाट का असते, याचेही उत्तर श्रमातच आहे. नावा ओढणारी जनावरे आणि माणसे त्या काठाने चालत. दोर आडवा येऊ नये म्हणून काठ मोकळा राखावा लागे, आणि पाणी सपाट म्हणून वाटही सपाट. जलपाशाच्या दारांपाशी, जिथे नाव एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवतात वा उतरवतात, तेवढाच काय तो लहानसा चढ. ओझे ओढणाऱ्याची सोय ही अशी सायकलस्वाराच्या वाट्याला आयती आली.

दुसरा वारसा रेल्वेचा, आणि तो अधिक बोलका आहे. तिसऱ्या प्रजासत्ताकाचा बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने याच्या योजनेला १८७९ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. उपविभागाच्या प्रत्येक मुख्य गावापर्यंत रेल्वे नेण्याची ती योजना होती. तिच्यात अर्थकारण होते तसे राजकारणही होते. शेतकऱ्याच्या दारात गाडी आली की त्याबरोबर वर्तमानपत्र येईल, शिक्षक येईल, प्रजासत्ताक येईल, अशी ती धारणा होती. परिणामी ज्या मार्गांवर नफ्याची आशा बेताची, तेथेही रूळ पडले. वाफेच्या इंजिनाची चाके तीव्र चढावर घसरतात. म्हणून टेकडी आली की कापायची, दरी आली की पूल बांधायचा, डोंगर आला की बोगदा खणायचा. शंभर मीटरांमागे दोन-तीन मीटरांहून अधिक चढ शक्यतो येऊ द्यायचा नाही. ही तडजोड इंजिनासाठी होती. शंभर वर्षांनी ती माणसाच्या गुडघ्यांना लाभली.

या दोन वारशांच्या मधल्या काळात सायकल-पर्यटन नावाची गोष्ट जन्माला आली. सँ-तेत्येनच्या पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) याने ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने चार दशके लिहिले आणि ‘ल सिक्लिस्त’ हे नियतकालिक चालवले. सायकल ही शर्यतीची वस्तू नसून प्रदेश पाहण्याचे, शरीर आणि मन ताळ्यावर ठेवण्याचे साधन आहे, हा त्याचा आग्रह होता. डोंगराळ मुलखात राहणाऱ्या व्हिव्हीने गिअरचा हिरिरीने पुरस्कार केला. उलट ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीचा जनक आंरी देग्रांज याला गिअर म्हणजे पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय वाटे. त्याच्या शर्यतीत गिअर बदलणारे यंत्र चालू लागले ते १९३७ मध्ये, आणि त्या वर्षी विजयी झाला रोजे लापेबी. व्हिव्ही तोवर हयात नव्हता. १९३० मध्ये, हातात सायकल धरून पायी चालत असता, त्याला ट्रामने धडक दिली. बोर्दोजवळच्या द्राक्षमळ्यांतून सोव्हतेर-द-ग्वीयेनपर्यंत जुन्या रेल्वेच्या जागेवरून जाणारी सुमारे ५० किलोमीटरची वाट आज लापेबीच्या नावाने ओळखली जाते. शर्यत जिंकणाऱ्याचे नाव सावकाश जाण्याच्या वाटेला मिळाले आहे.

तरीही हा प्रवास दीर्घकाळ सुखवस्तूंचाच राहिला, कारण सायकल स्वस्त झाली तरी सवड स्वस्त झाली नव्हती. जून १९३६ मध्ये ‘पॉप्युलर फ्रंट’च्या सरकारने पगारी रजेचा कायदा केला आणि कामगाराला वर्षाकाठी दोन आठवडे स्वतःचे म्हणून मिळाले. लेओ लाग्रांजच्या प्रयत्नाने रेल्वेभाड्यात चाळीस टक्के सूट देणारे तिकीटही निघाले. त्या उन्हाळ्यात दोघांनी चालवायच्या सायकलींवरून खेड्यापाड्यांतून समुद्राकडे निघालेल्या तरुण जोडप्यांची छायाचित्रे ही फ्रेंच सामूहिक स्मृतीतील एक ठळक प्रतिमा आहे. चारच वर्षांनी पराभव आला, पेट्रोल नाहीसे झाले, आणि देश सक्तीने मोटारमुक्त झाला. १९४१ च्या उन्हाळ्यात सिमोन द बोव्हार आणि सार्त्र सीमारेषा चोरून ओलांडून दक्षिणेत सायकलवरून हिंडले. प्रतिकारासाठी माणसे जोडता येतात का, हे सार्त्रला पाहायचे होते. हा प्रवास बोव्हारने १९६०च्या आपल्या आत्मकथनात नोंदवला आहे. मोकळा रस्ता नेहमीच मोकळ्या देशाची खूण असतो असे नाही, एवढे या प्रसंगातून लक्षात ठेवायला हवे.

युद्धाच्या आधीपासूनच लहान रेल्वेमार्ग बंद पडू लागले होते. १९३८ मध्ये कंपन्या एकत्र करून राष्ट्रीय रेल्वे स्थापन झाली, तेव्हा बसशी स्पर्धा करू न शकणाऱ्या अनेक मार्गांवरील प्रवासी गाड्या थांबल्या. युद्धानंतर मोटारींच्या सुगीत उरलेल्यांतले पुष्कळ गेले. प्रथम प्रवासी गाडी बंद, मग मालगाडी, मग रूळ उचलले जाणे, आणि शेवटी झुडपे, असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो.

बर्गंडीतील शालों–क्लुनी–माकों हा असाच एक मार्ग. क्लुनी म्हणजे ९१० साली स्थापन झालेल्या मठाचे गाव, आणि हा सारा परिसर कवी लामार्तिनचा. १८३८ मध्ये संसदेतील चर्चेत लामार्तिनने रेल्वे राज्यसंस्थेनेच बांधावी अशी बाजू मांडली होती. त्याच्या मुलखात गाडी पोचली ती तो गेल्यानंतर पुढच्या वर्षी, १८७० मध्ये. शंभर वर्षांत ती संपलीही. १९८१ मध्ये पॅरिस–लियाँ अतिजलद रेल्वे सुरू झाली. तिचा मार्ग क्लुनीच्या शेजारून जातो. क्लुनीला स्थानक नाही. आणि १९९७ मध्ये झिव्री ते क्लुनी ही ४४ किलोमीटरची पहिली ‘हिरवी वाट’ त्या जुन्या मार्गावर खुली झाली. पुढे ती माकोंच्या दिशेने वाढली आणि दीड किलोमीटरहून लांब असलेला ब्वा-क्लेरचा बोगदाही सायकलींना मिळाला. तो हिवाळ्यात बंद ठेवतात, कारण त्या काळात तेथे वटवाघळे विसावलेली असतात. १९९८ मध्ये अशा वाटांचा राष्ट्रीय आराखडा मंजूर झाला. २००४ मध्ये वाहतुकीच्या संहितेत ‘व्हुआ व्हेर्त’ची व्याख्या आली. त्या व्याख्येनुसार ती इंजिनाविना चालणारी वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेली होती.

येथवर ही कथा सुखान्त वाटते. आम्हांस ती तशी सांगून थांबता येत नाही. ज्या खेड्यातून ही वाट जाते, त्या खेड्याची गाडी गेली म्हणून ती वाट झाली. गाडीबरोबर कित्येकदा टपालकचेरी, शाळा आणि बेकरी यांनीही गाशा गुंडाळला. आज तेथील म्हाताऱ्या बाईला डॉक्टरकडे जायचे तर मोटार हवी. नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटे घालून माणसे चौकाचौकांत बसली, त्याचे तात्कालिक कारण इंधनावरील वाढीव कर हे होते. त्याच वर्षीच्या जुलैत ग्रामीण दुपदरी रस्त्यांवरील वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटरवर आणली गेली होती, आणि तो रागही त्यात मिसळला होता. मोटारीवाचून हिंडण्याचे सुख जेथे सर्वांत अधिक, तेथेच मोटारीवाचून जगणे सर्वांत अवघड, हा विरोधाभास त्या वाटांच्या दोन्ही काठांना आहे. आठ दिवसांसाठी मोटार टाकणे हा पाहुण्याचा आनंद असतो; बारा महिने ती पोसावी लागणे ही यजमानाची सक्ती असते.

म्हणून या वाटा नसाव्यात काय? आमचे मत तसे नाही. रूळ उचलल्यावर ती लांबलचक जमिनीची पट्टी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली असती, तर पूल पडले असते, बोगदे बुजले असते आणि सलगता कायमची तुटली असती. हिरव्या वाटेने ती सलगता राखली आहे. काही ठिकाणी गाडी परत यावी अशी मागणी होते, तेव्हा हीच वाट तिला आडवी येते असा वादही झडतो. पण वाद घालायला पट्टी शिल्लक आहे, हेही खरे. शिवाय या वाटेवरून केवळ पाहुणेच जात नाहीत. गावातली मुले, फिरायला निघालेले वृद्ध, ढकलगाडीतले तान्हे मूल घेतलेली आई, असे सारे तेथे असतात.

मिदीच्या कालव्याची गोष्ट या संदर्भात आठवते. त्याच्या काठावर सुमारे ४२,००० चिनारवृक्ष होते. २००६ मध्ये त्यांना बुरशीचा रोग जडल्याचे आढळले. तेव्हापासून हजारो झाडे तोडावी लागली, आणि त्यांच्या जागी दुसरी लावली जात आहेत. जी सावली अनादि वाटत होती तीही कोणी तरी लावलेली होती आणि तिची निगा कोणाला तरी राखावी लागते, हे झाडे गेल्यावर कळले.

जुन्या रेल्वेच्या वाटांवर, जिथे रस्ता रुळांना छेदत असे, तेथे अजून फाटकवाल्यांची लहान घरे उभी दिसतात. फाटक सांभाळण्याचे काम पुष्कळदा रेल्वेच्या गँगमधील मजुराच्या बायकोकडे असे. गाडीची वेळ झाली की हातातले काम टाकून ती बाहेर येई, फाटक लावी आणि रस्त्यावरच्यांना थांबवी. आज त्याच ठिकाणी सायकलस्वार थांबतो आणि मोटारी पुढे निघून जातात. थांबणारा कोण आणि जाणारा कोण, एवढाच बदल तेथे झाला आहे. त्या घरापाशी घटकाभर थांबणाऱ्याने दारावरचा क्रमांक वाचावा आणि हे फाटक कोणासाठी बंद होत होते, याचा विचार करावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.