गंगाधरपंतांच्या गाडीला वडगाव लागलं असेल का?

शनिवारी सकाळी लोणावळा लोकल पकडली. सोबत जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'. त्यातली 'गंगाधरपंतांचे पानिपत' कितव्यांदा वाचली ते मोजलेलं नाही.

गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर वेगळ्याच जगात पोचतात. कालयंत्र वगैरे नाही. काळ आपलाच, इतिहास मात्र दुसरा. तिथे १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे जिंकले. पंत जिजामाता एक्सप्रेसने मुंबईला निघतात. लोणावळा लागतं, पुढचा घाटही ओळखीचाच. कोण जिंकलं याचं डोंगराला काय सोयरसुतक!

तळेगाव मागे पडून वडगाव आलं आणि डोक्यात किडा वळवळला. जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादांना पुण्यात बसवायला निघालेली इंग्रज फौज बोरघाट चढून इथवर आली होती. मराठ्यांनी वाटेतला दाणागोटा नाहीसा केला. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला 'इष्टुर फाकडा', पडला. तळेगावाहून इंग्रज तोफा तळ्यात टाकून रातोरात माघारी फिरले आणि महादजी शिंद्यांनी त्यांना वडगावला कोंडलं. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करायचा, असा तह लिहून द्यावा लागला.

आता गंमत बघा. राघोबादादा इंग्रजांकडे गेले कशामुळे? पानिपतावर विश्वासराव पडले, त्याच वर्षी नानासाहेब गेले. गादी सोळा वर्षांच्या माधवरावांकडे आली. ते १७७२ मध्ये गेले, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, मग भाऊबंदकी. ती गोळी चुकली असती तर ही साखळीच तुटते! आम्ही संगणकवाले हे रोज भोगतो. एक ओळ बदलावी, तर भलतीकडचं काहीतरी नाहीसं होतं. पंतांच्या जगाला पानिपत मिळालं, पण मावळातला हा विजय बहुधा गेला.

अर्थात एका लढाईने सगळं ठरतं असंही नाही. वडगावचा तह हेस्टिंग्जने मानलाच नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. जिंकलेलं टिकवायला गोळी चुकण्यापेक्षा बरंच काही लागतं.

नारळीकर सर २० मे २०२५ ला गेले. नाहीतर पत्र टाकून विचारलं असतं: सर, पंत वडगाववरून जाताना खिडकीबाहेर बघत होते का हो?