पहिला चीक आणि माणदेशचे शिंगरू

१/८
माण नदी साताऱ्याच्या माण तालुक्यात उगम पावते आणि सांगलीच्या आटपाडीतून पुढे जाऊन भीमेला मिळते. भीमा, नीरा आणि माण यांच्या खोऱ्यांत काटक भीमथडी घोडा घडला. म्हसवडचे माने, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे यांचे बळ घोडदळात होते.

२/८
स्थानिक तट्टे आणि चौल, दाभोळ, गोवा या बंदरांतून आलेले अरबी घोडे यांच्या संकरातून ही जात तयार झाली, असे मानले जाते. त्या काळी प्रत्येक शिंगरू म्हणजे उद्याच्या एका स्वाराचे वाहन होते.

३/८
पारखी मंडळी घोड्याच्या अंगावरील भोवरे पाहून शुभाशुभ ठरवीत. रक्तातील दोष पाहण्याचे साधन मात्र जगात कोठेच नव्हते.

४/८
घोडीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. शिंगरू जवळजवळ निःशस्त्र जन्मते आणि आईचा चीक ती उणीव भरून काढतो. त्याची मुदत साधारण २४ तास. पुढे आतडे प्रतिपिंडे शोषून घेत नाही.

५/८
परंतु शिंगराला बापाकडून मिळालेला रक्तगट आईला परका असेल आणि आधीच्या वेतात तिच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली असतील, तर तोच चीक शिंगराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. धडधाकट जन्मलेले शिंगरू दोन-तीन दिवसांत पिवळे पडते. पहिले वेत म्हणूनच बहुधा वाचते. धोका पुढच्या वेतांना असतो.

६/८
खेचरांच्या शिंगरांत ही कावीळ अधिक आढळते. तिचे कारण १९४७ मध्ये फ्रान्समधील कारोली आणि बेसिस यांनी उलगडले. माणसातील आरएच रक्तगटाचा शोध तेव्हा नुकताच, १९४० मध्ये लागला होता.

७/८
दुसरा दोष अरबी घोड्यांतला. १९७३ मध्ये अमेरिकेत अशी शिंगरे नोंदली गेली, ज्यांच्यात रोगप्रतिकारक पेशीच घडत नव्हत्या. चिकाची शिदोरी संपताच ती साध्या संसर्गाने, बहुधा पाच महिन्यांच्या आत दगावतात. १९९७ मध्ये त्यामागील जनुकदोष सापडला. आईबाप दोघेही वाहक असतील तरच शिंगरू आजारी पडते. वाहक घोडा मात्र निरोगी दिसतो.

८/८
आज भीमथडी घोडा मुख्यतः धनगरांच्या वाड्यांसोबत फिरतो आणि स्वतंत्र जात म्हणून त्याची राष्ट्रीय नोंदही झाली आहे. संख्या थोडी असली की जवळच्या नात्यात पैदास होते आणि दडलेले दोष वर येतात. धोक्याच्या वेतात शिंगराला दुसऱ्या घोडीचा चीक पाजणे आणि जोडी जुळवण्यापूर्वी जनुकचाचणी करणे, हे दोन उपाय आज हाताशी आहेत. माणदेशच्या जुन्या अश्वपालांना ते उपलब्ध नव्हते.