संगीतरचनेचे अध्यापन, माध्यमिक शाळांतील (इंग्लंड)

साधारणतः ११ ते १६ वर्षांच्या विद्यार्थ्यांना स्वतःचे संगीत रचायला शिकवण्याची शालेय पद्धती. गायन-वादन शिकवणाऱ्या शाळा जगभर आहेत. मात्र, परीक्षेत संगीत घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने काहीतरी नवे रचलेच पाहिजे, असा दंडक इंग्लंडने घातला. त्यामुळे या विषयातले बहुतेक प्रश्न तेथे आधी उभे राहिले.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील शाळांत रचना म्हणजे हार्मनीचा गृहपाठ होता. दिलेल्या सुरावटीखाली उरलेले आवाज नियमाने बसवायचे, चुकलेले स्वर शिक्षकाने लाल शाईने खोडायचे. स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरचे स्वरलेखन) येणाऱ्या आणि घरी पियानो असणाऱ्या मुलांनाच हे जमे. इतरांनी समूहगान करावे आणि तबकड्या ऐकाव्यात, अशी विभागणी होती.

तिला पहिला ठळक धक्का दिला तो पीटर मॅक्सवेल डेव्हिस या तरुण संगीतकाराने. १९५९ ते १९६२ या काळात सायरेन्सेस्टर ग्रामर स्कूलमध्ये संगीतशिक्षक असताना त्याने मुलांना रचना करायला लावल्या आणि त्यांच्यासाठी ‘ओ मॅग्नम मिस्टेरियम’ (१९६०) ही स्वतःची कृती लिहिली. शाळेसाठी लिहायचे म्हणून त्याने आधुनिक संगीत पातळ केले नाही, हे विशेष. कॅनडात आर. मरे शेफर यांचे ‘द कंपोझर इन द क्लासरूम’ १९६५ मध्ये निघाले. त्याचाही प्रभाव इंग्लंडमध्ये पोहोचला.

मात्र या विचाराला शिकवण्याजोगे रूप दिले जॉन पेंटर (१९३१–२०१०) यांनी. पीटर ॲस्टन यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘साउंड अँड सायलेन्स’ (१९७०) हे पुस्तक वर्गात करायच्या प्रकल्पांचे आहे. त्यातला क्रम जुन्या शिक्षकांना उलटा वाटला: आधी ध्वनी हाताळा, त्यांतून निवडा, जुळवा आणि ऐका, लिहायचे कसे ते नंतर पाहू. झांजेचा नाद विरेपर्यंत ऐकणे हाही पाठ, आणि दोन आघातांमधली शांतता किती ठेवायची हा निर्णयही रचनाच. लेखनासाठी रेघा, ठिपके, आकृत्या चालत. पुढे १९७३ पासून यॉर्क विद्यापीठात पेंटर यांच्या नेतृत्वाखाली माध्यमिक शाळांतील संगीताचा मोठा प्रकल्प चालला. या पद्धतीवर टीका झाली, ती अगदीच निराधार नव्हती. काही वर्गांत ‘वादळ’ किंवा ‘अवकाश’ या नावाखाली नुसता गोंगाट होई आणि शिक्षक त्यालाच सर्जन समजे. पेंटर यांना ते अभिप्रेत नव्हते. केलेले पुन्हा ऐकून बदलणे, हा त्यांच्या पद्धतीचा कणा होता.

१९८६ मध्ये सुरू झालेल्या जीसीएसई या शालान्त परीक्षेच्या अभ्यासक्रमात (पहिली परीक्षा १९८८) श्रवण व सादरीकरण यांच्या बरोबरीने रचना अनिवार्य झाली. १९९२ पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमामुळे ती खालच्या इयत्तांतही आली. २०१६ पासून शिकवल्या जाणाऱ्या जीसीएसईत सादरीकरणाला ३० टक्के, रचनेला ३० टक्के आणि श्रवण-रसग्रहणाला ४० टक्के गुण आहेत. विद्यार्थी दोन रचना देतो: एक परीक्षा मंडळाने ठरवलेल्या सूचनेनुसार, दुसरी मुक्त. दोन्ही मिळून किमान तीन मिनिटांच्या असाव्या लागतात.

वर्गातली खरी कसोटी कोऱ्या कागदाची असते. ‘काहीही रचा’ म्हटले की मुले गप्प होतात, म्हणून अनुभवी शिक्षक बंधन घालूनच सुरुवात करतात: पाचच स्वर, एक आवर्ती ताल, किंवा एक छोटा सुरांचा तुकडा देऊन तो लांबवणे, उलटवणे, दुसऱ्या वाद्यावर नेणे. शिक्षकाने मध्ये कधी बोलावे, हे याहून अवघड. लवकर सुचवले तर रचना शिक्षकाची होते, उशीर झाला तर मूल कंटाळते. सिबेलियससारख्या संगणकीय प्रणालींमुळे वाद्य न येणाऱ्यालाही स्वतःची चार वाद्यांची रचना लगेच ऐकता येते. त्यांचा एक दोष मात्र उघड आहे: चार मात्रांचा तुकडा चिकटवत नेला की तीन मिनिटे भरतात, पण संगीत जागचे हलत नाही.

परीक्षेने रचनेला वेळापत्रकात हक्काची जागा मिळवून दिली आणि तिला गुणपत्रिकेत मावेल इतके लहानही केले. गुण मिळवून देणारे ठरीव साचे शिक्षकांनाही ठाऊक झाले आहेत. पेंटर यांचे धाडस त्यात फारसे उरलेले नाही.

भारतीय संगीताचा संबंध येथे थेट येतो. एडेक्सेल मंडळाच्या २००९ च्या अभ्यासक्रमात राग देस नेमलेला होता, तर ओसीआर मंडळाच्या सध्याच्या अभ्यासक्रमात भारत व पंजाब हा घटक आहे. एडेक्सेलच्या नियमांनुसार ध्वनिमुद्रणासोबत स्टाफ नोटेशनऐवजी रचनेचे लेखी वर्णन दिलेले चालते. त्यामुळे तिकडे शिकणाऱ्या मराठी मुलाला बंदिशीच्या अंगाने केलेली मुक्त रचनाही परीक्षेला देता येते.