करोडगिरी ते काउंटरव्हेलिंग

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. विषय डोक्यात घोळत होता, पण घरी सांगितला तर हशा पिकला. "पाइपाच्या फिटिंगवरची ड्यूटी? हे कोण वाचणार?" असा बायकोचा रोकडा सवाल. मंडळी, तुम्ही वाचा. यात आजोबांचा नांगर आहे, लोकमान्य टिळक आहेत आणि आमच्या मावसभावाला लिहून दिलेलं एक पत्र आहे. आजोळच्या लोकांना नांगराची गोष्ट पाठ आहे, त्यांनी तो परिच्छेद ओलांडून पुढे गेलं तरी चालेल.

आजोबा वैजापूर तालुक्यातले. म्हणजे निजामाच्या मुलखाच्या अगदी कडेचे. पलीकडे येवला, तिथून इंग्रजी अंमल. येवल्याच्या बाजारातून त्यांनी किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आणला आणि हद्दीवर करोडगिरीच्या नाक्याशी गाडी थांबवली. करोडगिरी म्हणजे हैदराबाद संस्थानाचं कस्टम खातं. मालाच्या किमतीवर शेकडा पाच. हा आकडा तरी कुठून आला? इंग्रजांनी १८०२ मध्ये निजामाशी व्यापाराचा तह केला, त्यात पाच टक्क्यांहून जास्त जकात घ्यायची नाही असं ठरलं होतं. पुढे सव्वाशे वर्षांनी माझ्या आजोबांच्या नांगराला तोच आकडा लागू! त्यात पंचाईत अशी की आजोबांच्या कनवटीला कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, आणि नाक्यावर हिशोब हाली शिक्क्यात. शंभर कलदारला साधारण एकशे सोळा हाली. तो बट्ट्याचा हिशोब आजोबांनी झाडाखाली बसून तोंडी केला आणि पावती घेऊन घरी आले. ती पावती कित्येक वर्षं देवघरातल्या डब्यात होती.

ही जकात सरळ होती. माल हद्द ओलांडतो, पैसे टाका. नांगर कुठे बनला, बनवणाऱ्याला कुणी मदत केली, याची नाकेदाराला काही पडलेली नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षात, संस्थान भारतात यावं म्हणून सरहद्दीवरच्या कॅम्पांतून जी सशस्त्र चळवळ चालली, तिच्यात हे करोडगिरी नाके जाळले गेले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं, आणि यथावकाश ती हद्दही पुसली गेली.

आता दुसऱ्या जातीची ड्यूटी. काउंटरव्हेलिंग ड्यूटी. एखाद्या देशाच्या सरकारनं आपल्या कारखानदाराला सवलत दिली, त्यामुळे त्याचा माल परदेशात स्वस्त पडला, तर त्या सवलतीइतकंच वजन आयात करणाऱ्या देशानं तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकायचं. कल्पना एवढीच. त्यात दंड नाही, भरपाई आहे, असं तिचे समर्थक सांगतात.

गंमत म्हणजे ही कल्पना हिंदुस्थानात फार लवकर आली. १८९९ मध्ये, कर्झनच्या कारकिर्दीत, जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या बीटच्या साखरेवर इथे अशी ड्यूटी बसली. तिथली सरकारं निर्यातीवर बक्षिसी देत होती, म्हणून ती साखर इथे पडत्या भावात येत होती. कायदा करताना नाव इथल्या ऊसवाल्याचं आणि साखर कारखानदाराचं. पण साम्राज्यातल्या मॉरिशसच्या मळेवाल्यांनाही त्याचा फायदा होता, आणि त्यांची कड घेणारे लंडनमध्ये पुष्कळ होते. अमेरिकेनं १८९० मध्ये साखरेपुरती आणि १८९७ मध्ये सर्व मालासाठी अशी तरतूद केली होती. आपण त्यांच्या फार मागे नव्हतो.

आणि त्याच्याही आधी, १८९६ मध्ये, हाच 'काउंटरव्हेलिंग' शब्द आपल्यावर उलटा वापरला गेला होता. सरकारला पैशाची चणचण होती म्हणून परदेशी कापडावर आयात कर बसवला. लँकेशायरचे गिरणीवाले खवळले. मग तो कर साडेतीन टक्क्यांवर आणला आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावरही बरोब्बर साडेतीन टक्के अबकारी लावली. कशासाठी? तर इथल्या गिरण्यांना संरक्षणाचा 'गैरफायदा' मिळू नये म्हणून! आपल्याच देशात, आपल्याच कापडावर, परक्याचं पारडं सांभाळायला कर. टिळकांनी त्या वर्षी विलायती कापडावर बहिष्काराची चळवळ महाराष्ट्रात चालवली आणि पुण्यात विलायती कापड जळालं. वंगभंगाच्या होळ्या यानंतर नऊ वर्षांनी पेटल्या. ही अबकारी थांबायला १९२५ चा डिसेंबर उजाडला.

(एक छोटं विषयांतर. मुंबईच्या क्लिअरिंग एजंटाला आठ-दहा वर्षांपूर्वी 'सीव्हीडी' विचारलं असतं तर त्यानं तिसरंच काही सांगितलं असतं. १९७५ च्या कस्टम टॅरिफ कायद्याच्या कलम ३ खाली, देशी मालावर जेवढी एक्साइज तेवढी आयात मालावर जादा ड्यूटी घेत. बोलीभाषेत तिलाही सीव्हीडी म्हणत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि बहुतेक मालापुरती ती गेली. सवलतीच्या विरोधातली खरी काउंटरव्हेलिंग ड्यूटी कलम ९ मधली, ती वेगळी. मी स्वतः निर्यातीच्या कागदपत्रांत अर्धं आयुष्य घालवूनही सुरुवातीला या दोहोंत गल्लत करायचो.)

असो. आता फिटिंगकडे.

पाइप सरळ असतो, कारखाना सरळ नसतो. वळायचं तर एल्बो, फाटा फोडायचा तर टी, दोन तुकडे जोडायचे तर कपलिंग, शिवाय कॅप, प्लग, युनियन. रिफायनरीत आणि रसायनांच्या कारखान्यात जिथे व्यास लहान आणि दाब मोठा असतो, तिथे फोर्ज केलेली फिटिंग लागते. तापवून लाल केलेला पोलादाचा तुकडा डायमध्ये ठोकायचा आणि मग लेथवर आतून बाहेरून मशिनिंग, थ्रेडिंग. तीन हजार पौंडी, सहा हजार पौंडी अशा तिच्या जाती. मुठीत मावेल एवढा एल्बो हातात घेतला तर वजनानं दचकायला होतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बॉनी फोर्ज या कंपनीनं आणि तिथल्या पोलाद कामगारांच्या युनियननं मिळून भारताच्या फोर्ज्ड फिटिंगविरुद्ध अर्ज केला. मालक आणि युनियन एका अर्जावर सह्या करतात, हे आपल्याकडच्या माणसाला जरा नवलाचंच. त्यांच्या वाणिज्य खात्यानं सवलत किती ते मोजायचं आणि दुसऱ्या एका आयोगानं तिथल्या धंद्याचं खरंच नुकसान झालं का ते ठरवायचं. दोन्हीकडून 'हो' आलं तरच ड्यूटी. डिसेंबर २०२० मध्ये दोन्ही 'हो' झाले आणि आदेश निघाला. असा आदेश दर पाच वर्षांनी पुन्हा तपासतात.

मोजणी कशी, तर सोपी. कारखान्याला वीज शुल्कात लाखाची माफी मिळाली आणि विक्री कोटीची, तर एक टक्का. यंत्रं बिनड्यूटीची आणली, त्याचे इतके. ड्रॉबॅक मिळाला, त्याचे इतके. अशी बेरीज. विकसनशील देशाची बेरीज दोन टक्क्यांच्या आत राहिली तर सोडून देण्याची सूट होती. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेनं भारताला त्या यादीतून काढलं आणि सुटीची रेघ एक टक्क्यावर आली. आणि प्रश्नावलीला उत्तरच दिलं नाही, किंवा अर्धवट दिलं, तर उपलब्ध माहितीतून तुमच्या विरोधात जाईल ती घेऊन हिशोब. २०१८ मध्ये भारतीय स्टेनलेस फ्लँजच्या बाबतीत एका टोकाला ४.९२ टक्के आणि दुसऱ्या टोकाला २५६.१६ टक्के निघाले, ते वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं होतं. धंदा एकच, देश एकच.

या प्रश्नावल्यांत दिल्लीच्या योजना असतात तशा राज्यांच्याही असतात. महाराष्ट्राचं नाव त्यात वारंवार येतं, आणि इथे आपलं गाव येतं. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातच सगळे कारखाने नकोत, म्हणून १९६४ मध्ये राज्यानं सामूहिक प्रोत्साहन योजना काढली. तालुक्यांचे गट पाडले. जितका मागास तालुका तितकी जास्त सवलत: विक्रीकरात, वीज शुल्कात, जकातीच्या परताव्यात. चिकलठाणा, मग वाळूज, ही सगळी वसाहत त्याच काळातली. १९८५ मध्ये बजाज वाळूजला आलं आणि त्यामागून शेकडो लहान वर्कशॉप. ज्यांनी त्याआधीचं औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) पाहिलं आहे त्यांना विचारा, सवलत नसती तर इतके लोक इथे का आले असते.

या सवलतींना परदेशात पहिला झटका बसला तो फिटिंगमुळे नव्हे, पॉलिएस्टर फिल्ममुळे. युरोपनं डिसेंबर १९९९ मध्ये आणि अमेरिकेनं जुलै २००२ मध्ये भारतीय फिल्मवर काउंटरव्हेलिंग ड्यूटी बसवली. ज्यांची तपासणी झाली त्यांत वाळूज-चिकलठाण्यात कारखाने असलेली गरवारे पॉलिएस्टरही होती. राज्याच्या विक्रीकर सवलतीचा हिशोब परक्या देशाच्या राजपत्रात छापला गेला.

तारखेकडे जरा पाहा. १९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारात एक कलम होतं. मागास भागाला दिलेली मदत, काही अटी पाळून, आक्षेपाच्या बाहेर. अट कोणती? भागाची सीमा स्पष्ट हवी, आणि दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या ८५ टक्क्यांहून जास्त नको, नाहीतर बेकारी सरासरीच्या ११० टक्क्यांहून कमी नको. शिवाय योजना आधी कळवायला हवी. हे कलम पाच वर्षांचंच होतं. ३१ डिसेंबर १९९९ ला ते संपलं, कुणी वाढवलं नाही. मराठवाड्याच्या अनुशेषावर इथे दांडेकर समितीपासून केळकर समितीपर्यंत किती कागद झाले! त्यांतला शब्दही त्या तराजूत आता मोजला जात नाही. मला हे कलम संपल्याचं वाईट वाटतं. पण त्याच्या अटी वाचल्या की हेही दिसतं, की पुढारलेल्या तालुक्याच्या शेजारी पाटी बदलून सवलत उचलणाऱ्यांना ते कधी लागू झालं नसतं.

अमेरिकेचा प्रश्न मूर्खपणाचा आहे असं मी म्हणणार नाही. आपणही तोच प्रश्न चीनला विचारतो. सप्टेंबर २०१७ मध्ये आपण चिनी स्टेनलेसच्या पत्र्यावर १८.९५ टक्क्यांची काउंटरव्हेलिंग ड्यूटी बसवली, सप्टेंबर २०१९ मध्ये चीन आणि व्हिएतनामच्या वेल्डेड स्टेनलेस पाइपवर. पत्रा बनवणाऱ्या मोठ्यांनी पेढे वाटले असतील, पण पत्रा विकत घेणारे लहान लोक ओरडत राहिले, आणि पत्र्यावरची ड्यूटी २०२२ च्या बजेटमध्ये मागे घेतली गेली.

आता पत्र. माझा मावसभाऊ वाळूजला चार लेथ आणि दोन सीएनसी घेऊन जॉबवर्क करतो. एका निर्यातदाराकडून फोर्जिंग येतं, हा मशिनिंग करून परत पाठवतो. पंधरा वर्षांचा व्यवहार. निर्यातदाराच्या मुलीच्या लग्नात हा वाढायला होता. २०२० च्या फेब्रुवारीत त्याचा फोन आला, "दादा, एक कागद आलाय. जरा बघून दे."

प्रश्नावलीचा भाग होता. ज्या पुरवठादाराची मालकी निर्यातदाराशी जोडलेली, त्याच्या सवलतीही निर्यातदाराच्या खात्यात धरल्या जातात. म्हणून निर्यातदारानं सगळ्या जॉबवर्कवाल्यांकडून लेखी मागितलं होतं: आमच्या धंद्यात तुमचा हिस्सा नाही, तुमच्यात आमचा नाही, आपला काही संबंध नाही.

त्यात काही गैर नव्हतं. खरंच होतं ते. तरी हा बराच वेळ गप्प.

"वीज शुल्काची माफी घेतली आपण," तो म्हणाला. "ती लिहायची का?"

"विचारलेलं नाही. संबंध नाही एवढंच लिहायचंय."

"पण घेतली तर आहे. घेतली नसती तर दुसरं मशीन आलंच नसतं."

मी मसुदा केला. इंग्रजीत चार ओळी, लेटरहेडवर, शिक्क्यासह. त्यानं वाचला, आणि पेन हातात धरून विचारलं, 'संबंध नाही'च्या आधी 'मालकीचा' हा शब्द घालता येतो का. घालता येत होता. घातला. मग सही झाली.

पुढच्या महिन्यात लॉकडाउन लागला, आणि शेड उघडली तेव्हा त्या निर्यातदाराकडून येणारं काम निम्म्यावर आलं होतं. त्यात लॉकडाउनचा वाटा किती आणि ड्यूटीचा किती, हे त्याला वेगळं करून सांगता येत नाही. मलाही नाही. पत्राची कार्बन कॉपी मात्र त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये ठेवली आहे. कार्बन कॉपी, हो. प्रिंटर असताना! आजोबांचाच नातू तो.